वैशाखातली हरळी

(भोर संस्थान. गावाबाहेरच्या बंगल्याचं अंगण, वैशाखातली सकाळ.)

सौदामिनी : हळू बोल, कुंडलिक. खिडकी उघडी आहे, यांना ऐकू जाईल.

कुंडलिक : पर बाईसाहेब, पोहरा आडाच्या तळाला आपटतुय. वर आलं त्यात निम्मा गाळच हाय.

सौदामिनी : गाळ तर गाळ. एक झारी भर आणि खिडकीसमोर सावकाश ओत. रोजच्यासारखी.

कुंडलिक : रोज एकाच जागी वततुय म्या. तेवढा पाटाएवढा तुकडा हिरवा ऱ्हायलाय. बाकीचं समदं गवताचं लान करपून गेलं. सायबास्नी दिसत न्हाई म्हनून आपून त्यास्नी नुसता आवाज ऐकवायचा, ह्ये काय बरं वाटत न्हाई मला.

सौदामिनी : मला तरी बरं वाटतं का रे? पण पहाटेपासून बायका आडावर उभ्या असतात. परवा ठकुबाईच्या कडेवरचं पोर ओले हात चाटत होतं. त्यांचे हंडे रिकामे ठेवून गवताला पाणी घालू? कुठल्या तोंडानं?

कुंडलिक : न्हाई, त्ये तुमी बरूबरच केलं. आमच्या विंझरला शेतातली हरळी खणता खणता कंबार मोडती मानसाची. आन् हितं तीच हरळी जगावी म्हनून म्या देवाला हात जोडतुय. बायकू हासती मला.

सौदामिनी : हसू दे. तू नुसतं गवत राखत नाहीस, हे तुला ठाऊक आहे.

कुंडलिक : व्हय. मालिनीताईंसाठी लावल्याली. डाक्तरनी मोकळ्या हवेत निजवा म्हनून सांगितलं, तवा लेकीसाठी सायबांनी सोता गुडघ्यावर बसून लावलीया माज्यासंगं.

दीनानाथ : कुंडलिक! झारी बदललीस काय रे?

कुंडलिक : न्हाई सायेब, तीच हाय. जरा कडंला सांडलं.

दीनानाथ : मग आवाज असा का येतो? तापल्या मातीत पाणी ओतल्यासारखा. गवतावर पडलेलं पाणी असं चर्रर्र करत नाही.

सौदामिनी : अहो, कडेच्या वाफ्याला घालतोय तो. तुम्ही पडून राहा. आत्ता कुठं ताप उतरलाय.

दीनानाथ : उतरलाय ना? मग मला बाहेर ने.

सौदामिनी : ऊन आहे.

दीनानाथ : अजून साळुंक्या बोलताहेत. ऊन कुठलं एवढ्यात? आधी ताप होता म्हणून नाही, मग वारा होता म्हणून नाही. कुंडलिक, हात दे मला. नाहीतर भिंत धरून येतो.

सौदामिनी : थांबा! पायरी आहे पुढं. कुंडलिक, धर त्यांना... आणि ऐक, (त्याच्या कानाशी) त्या हिरव्या तुकड्यावर आण. तिथंच.

कुंडलिक : व्हय. या सायेब, हळू. आता एक पायरी. झाली.

दीनानाथ : वहाणा काढ माझ्या.

सौदामिनी : खडे टोचतील.

दीनानाथ : माझ्या हिरवळीत खडे? काढ रे... हं. आहा. गार आहे. ओली आहे अजून. बरं वाटलं गं. चांगली ठेवलीस तू, कुंडलिक.

कुंडलिक : सायेब, आता हितंच बसा. खुर्ची आनतो.

दीनानाथ : खुर्ची नको. तिची खाट असायची तिकडं जाऊ, मधे. चल.

सौदामिनी : अहो, नको! इथंच थांबा ना. माझं ऐका.

दीनानाथ : चार पावलं तर जायचं... अरे. हे काय? कुंडलिक, मला कुठं आणलंस? ही अंगणाची वाट आहे का?

कुंडलिक : न्हाई सायेब.

दीनानाथ : मग पायाखाली हे काय मोडतंय?

सौदामिनी : गवतच आहे. वाळलंय. सगळंच वाळलंय हो. तुम्ही उभे होतात तेवढंच हिरवं होतं.

दीनानाथ : आड आटला?

सौदामिनी : तळ लागला. जे झिरपतं ते बायका नेतात. नदीतल्या डबक्यांत आता गुरं बसतात. मीच म्हणाले, आमचा आड उघडा आहे, या.

दीनानाथ : मला सांगितलं का नाहीस?

सौदामिनी : सांगितलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, द्या लोकांना. आणि मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिला असतात. मालिनी गेली तेव्हा राहिला होतात, तसे. जेवण नाही, बोलणं नाही. मला ते पुन्हा बघवलं नसतं.

कुंडलिक : सायेब, हरळी अशी मरत न्हाई. वरनं जळती, पर मुळं खाली जित्ती असत्यात. पानी लागू द्या, हप्त्यात फुटंल.

दीनानाथ : फुटेल रे. ठाऊक आहे मला. तोवर मी काय करू?

सौदामिनी : असं काय बोलता? बसा बघू खाली.

दीनानाथ : डोळे गेले तेव्हा मी घाबरलो नव्हतो. म्हटलं, बघायचं होतं ते बघून झालं. पण हल्ली तिचा चेहरा येत नाही गं डोळ्यांपुढं. घरात बसून कितीही आठवला तरी येत नाही. इथं गवतावर पाय टेकले की यायचा. खाटेवर पालथी पडलेली, हात खाली सोडलेला, बोटांनी गवत उपटत. मी ओरडायचो, उपटू नकोस म्हणून. मग मान वर करून बघायची माझ्याकडं... आत्ता नाही आली.

सौदामिनी : फोटो आहे ना आत. भिंतीवर.

दीनानाथ : तो तुला दिसतो. तू सांग. कशी होती?

सौदामिनी : सावळी होती, तुमच्यासारखी. कपाळ मोठं. केस दाट, विंचरताना रडायची लहानपणी. नाक माझं. डोळे... शेवटी शेवटी नुसते डोळेच उरले होते हो.

दीनानाथ : शेवटचं नको. हसताना कशी दिसायची ते सांग.

सौदामिनी : हसताना गालाला खळी पडायची.

दीनानाथ : हो! खळी. खरंच की. कुठल्या गालाला?

सौदामिनी : डाव्या.

कुंडलिक : उजव्या न्हवं, बाईसाहेब? म्या वाफ्यात बसल्यालो असायचो आन् ताई खाटंवरनं... न्हाई, तुमी म्हंता तर डावाच आसंल.

दीनानाथ : फोटोत बघ ना जाऊन.

सौदामिनी : फोटोत कोण हसतं हो? फोटोग्राफरनं दम भरला होता, हलू नका म्हणून. तोंड मिटून बसलीय.

दीनानाथ : पण तू तर आई. तुला नक्की ठाऊक असणार.

सौदामिनी : मी रोज तिच्यामागं बसून वेणी घालायचे. समोर आरसा असायचा. ती हसायची ती आरशात दिसायची मला. आरशातला डावा की तिचा डावा... नाही हो. नाही सांगता येत.

दीनानाथ : रडू नकोस. बस इथं जवळ. कुंडलिक, तूही बस रे.

कुंडलिक : बसतो, सायेब.

दीनानाथ : दोन्ही गालांना होती, असं धरू.