भुजंगची गाडी

वंदना : चपला काढू नका, भाऊजी. उभ्याउभ्याच बोला अन् निघा.

भुजंग : वहिनी, पत्रिका द्यायला हसनाबादपर्यंत आलो. जालन्याचं कॉलेज माझ्या नावानं रेसिंग गाड्यांची लॅब काढतंय. उद्या उद्घाटन. हरिओम माझा रेसचा ड्रायव्हर होता, तो स्टेजवर पाहिजे.

वंदना : कशाला? ह्यांचा जयपूर पाय दाखवायला?

भुजंग : तसं नाही...

वंदना : अपघाताला चार वर्षं झाली, एकदा आलात का हिकडं? चौकशीवाल्यांपुढं मात्र बराबर बोललात, ड्रायव्हरनं ब्रेक उशिरा मारला म्हणून. चाक आधी निखळल्तं, ते गिळून बसलात.

हरिओम : (आतून काठी टेकत येतो) वंदना, थांब. भुजंग, चाक धरून ठेवणाऱ्या त्या आर्मची नळी पुंजाराम वेल्डरनं दोनदा दाखवल्ती तुला. बारीक हाय म्हणाला. मी तिथंच उभा होतो.

भुजंग : रेसची गाडी हलकीच लागते! जगातल्या मोठ्या डिझायनरांनी वजन काढूनच शर्यती मारल्या. त्यांच्या गाड्या लोक अजून प्रदर्शनात मांडतात.

वंदना : अन् आत बसल्ते ते? त्यांची नावं सांगता का चार?

भुजंग : ड्रायव्हरला धोका ठाऊक असतो, वहिनी.

वंदना : ह्यांना कोणी सांगितल्ता?

हरिओम : पुंजाराम बोलला ते मी ऐकलं व्हतं. तरी बसलो. भुजंगची गाडी म्हटल्यावर नळी कोण मोजतं?

भुजंग : हरिओम, मी...

हरिओम : पत्रिकेवर ही कोणती गाडी?

भुजंग : पोरांनी बनवली. माझ्या ड्रॉइंगवरून, जशीच्या तशी. उद्या पळवणार.

हरिओम : नळी?

वंदना : बोला की आता.

भुजंग : तीच.

हरिओम : अन् तू गप बसून राह्यला?

भुजंग : जाड करा म्हटलं, तर का म्हणून विचारतील. मग सगळंच उघडं पडेल. नाव जाईल माझं.

हरिओम : चालवणार कोण?

भुजंग : त्यांच्यातलीच एक, धावडा गावची प्रिया. मी म्हटलं, नीट तपासून घे. तर म्हणते, सर, तुमची गाडी हाय, डोळे मिटून बसते.

वंदना : फोन लावा तिला. हितंच, माझ्यासमोर. न्हाईतर मी कॉलेजात येऊन ओरडते.

भुजंग : ...हॅलो, प्रिया? भुजंग बोलतोय. उद्या गाडीत बसू नकोस. नाही, परवाही नाही. पुढच्या आर्मची नळी बारीक आहे, ती बदलल्याशिवाय कोणीच बसायचं नाही. ...हो, मला माहीत होतं. ...हरिओमच्या वेळेलाही. तुमच्या कॉलेजच्या सरांना सांग. नको, मीच सांगतो, त्यांना फोन दे.

वंदना : उंबऱ्यावरच बसले की.

हरिओम : वंदना, पाणी दे त्याला.

वंदना : रांजण बाहेर हाय. जाताना घेतील हातानं.