म्हाताऱ्या कोंबडीचं पांढरं अंडं

आता हसून राहिल्या तुम्ही, पण तवा माह्या जिवाले घोर लागला होता. सासूच्या लाडक्या कोंबडीनं अंडी देणंच बंद केलं. म्हातारीच झाली होती ती. माहा नवरा जेवता जेवता म्हणाला, "नुसती खाऊन राहिली. कायले पोसायची? रविवारी दवनीवाड्याचे पाहुणे येऊन राहिले, कापून टाकू."

सासूचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून ती धड जेवेना. मले भीती, हिलेच काही झालं म्हणजे?

शनिवारी सकाळी अंगणातून सासूचा आवाज आला, "अंडं देल्लं! माह्या कोंबडीनं अंडं देल्लं!"

नवऱ्यानं खुराड्यात हात घातला. निघालं ते मोठं, पांढरंफेक, सरळ दुकानातलं. आमच्या गावरान कोंबडीचं अंडं लहान न् बदामी. त्यात नवरा रागाचा लय खराब.

"आई, आपली कोंबडी पांढरं अंडं कवापासून देऊन राहिली?"

सासू म्हणते, "वय झालं का माणसाचे केस पांढरे होत नाही का? तसंच."

नवऱ्याले हसूच आवरेना. कोंबडी वाचली. पाहुण्यायले वांग्याची भाजी खाऊ घातली.

मग चुलीपाशी मी विचारलं, "आई, एका कोंबडीसाठी काऊन एवढा खटाटोप?"

चुलीत काडी सारत सासू म्हणाली, "तिले कापलं का मंग घरात बसून खाणारी म्हातारी मीच उरली ना."