लेकाचे जाड बूट

नारीनच्या स्टँडवर बिश्केकला जाणाऱ्या गाडीत सामान द्यायला रांग होती. बाळ नुकतंच माझ्या कोटात झोपलं होतं, म्हणून मी हलत नव्हते. पुढे कासिमकुलकाका आणि त्यांची शेजारीण अनारा.

“काका, हात गळ्यात? बर्फावर घसरलात?”

“बर्फावर कसला! घरात, गालिच्यावर.”

“गालिच्यावर?”

“लेकानं मॉस्कोहून बूट धाडलेत ना. तळ एवढा जाड, की खाली बर्फ आहे की म्हैस, पायाला पत्ता नाही. म्हणून बाहेर मी आपले हेच घालतो, मऊ चामड्याचे, पातळ.”

“मग घरात ते कशाला?”

“तो रोज फोनवर म्हणतो, बाबा, पाय दाखवा. मी पलंगावर बसून राजासारखे पाय पुढे करायचो. काल म्हणाला, चालून दाखवा. दारापर्यंत नवरदेव होतो, वळलो तो ओंडका!”

“सांगून टाका ना, नकोत म्हणून.”

“सांगणारच होतो. पण पडलो तेव्हा एक बूट पायातून निसटून नाकासमोर आला. वरून पॉलिश, टाच मात्र झिजलेली. माप त्याचं.”

“म्हणजे स्वतःचेच...”

“आणि मी दीडशहाणा गावभर सांगतोय, लेकानं कोरे बूट पाठवले!”

“मग त्याच्या पायात काय?”

“दाखव म्हटलं, तर म्हणे नेट गेलं.”

रांग सरकली. काकांनी चांगल्या हातानं पिशवी ड्रायव्हरला दिली.

“बिश्केकहून मॉस्कोच्या गाडीत चढव रे. लेकानं फोनवर काही विचारलं तर एवढंच सांग, म्हाताऱ्याला जड होतात.”