दामूअण्णांनी उघडलेली वाट

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. माणसात देव आहे, असं आपण रोज म्हणतो. पण तो ओळखायचा कुठं? देवळात? देवळात सगळेच हात जोडून उभे असतात, चपला चोरणारासुद्धा! मी सांगतो. माणूस गाडीवर बसलाय, पुढं रस्ता अडलाय, घरी जायची घाई आहे — तेव्हा त्याच्याकडं बघा. आतला देव जागा आहे की घोरतोय, लगेच कळतं.

ऐका तर. बागलाणात दामोदर खैरनार नावाचे गृहस्थ होते. सगळे त्यांना दामूअण्णा म्हणायचे. उभा जन्म काळी-पिवळी जीप चालवली. जीप भरली तरी अण्णांचं मन भरायचं नाही; शेवटच्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या उजव्या अंगाला बसवायचे आणि आपण तिरके होऊन गाडी हाकायचे. आणि हॉर्न? हॉर्न म्हणजे अण्णांची मातृभाषा. म्हैस आडवी आली — हॉर्न. ओळखीचा दिसला — हॉर्न. कोणीच दिसलं नाही — मग तर दोनदा! हसताय काय? तुमच्या-माझ्यातलेच ते.

अण्णांची एकुलती लेक वृषाली जर्मनीत. तिला दिवस गेले. आई हयात नाही, म्हणून बाळंतपणाला बापच निघाला. विमानतळावर जावई घ्यायला आला. अण्णा आपल्याकडच्या सवयीनं चालकाशेजारी बसायला गाडीच्या डाव्या दारानं आत शिरले, तर पुढ्यात स्टेअरिंग; तिथं ते डावीकडं असतं. जावई म्हणाला, "मामा, तुम्हीच चालवताय का?"

सकाळी अण्णा पाय मोकळे करायला निघाले. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभे राहिले, तर समोरून आलेली मोटार थांबली. अण्णांना वाटलं, बंद पडली बिचारी. धक्का मारायला पुढं झाले, तर आतली बाई हसून खुणावते — तुम्ही आधी. अण्णा खुणावतात — छे, बाई, तुम्ही आधी. शेवटी नमस्कार करत करत अण्णांनी रस्ता ओलांडला. घरी येऊन म्हणाले, "इथल्या लोकांना कामधंदा नाही का गं?"

"आहे की, अण्णा," वृषाली म्हणाली. "पण समोरच्यालाही असेल, हे धरून चालतात."

आता, तिथले सगळे संत आहेत असं मी म्हणत नाही हं. शेजारी कोण राहतो, हे तिथं पुष्कळांना ठाऊक नसतं. पण पुढं काय झालं, ते ऐका.

जावई कामासाठी परगावी गेलेला, आणि वृषालीच्या कळा अवेळी सुरू झाल्या. रक्त जायला लागलं. तिनंच फोन करून रुग्णवाहिका बोलावली. अण्णांना चालकाशेजारी बसवलं. मोठ्या रस्त्याला लागले आणि बघतात तर गाड्याच गाड्या, नजर पोचेल तिथवर तुंबलेल्या. असा तुंबा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? फट दिसली की आपण घुसायचं! इथं मागं लेक कण्हतेय. अण्णांनी डोळे मिटले.

उघडले तर गाडी चालूच! एका रांगेतल्या गाड्या डाव्या कडेला सरलेल्या, दुसऱ्या रांगेतल्या उजव्या कडेला, आणि मधोमध मोकळी वाट. एकानंही त्या वाटेत आपली गाडी घातली नव्हती. अण्णा दोन्हीकडं हात जोडत राहिले. दवाखाना वेळेत गाठला. नात झाली, मायलेकी सुखरूप.

अण्णा परतले, पुन्हा जीपवर बसले. एकदा घाटात ट्रक बंद पडला आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. मागून रुग्णवाहिकेचा आवाज. अण्णांनी आपली जीप कडेला दाबली, खाली उतरले आणि एकेका गाडीच्या काचेवर टकटक करू लागले. "भाऊ, जरा डावीकडं घे. ताई, थोडं सरका."

एक टेम्पोवाला तडकला. "तुमच्या घरचं कोणी आहे का आत?"

अण्णा म्हणाले, "असेल. अजून पाहिलं नाही."

टेम्पोवाल्यानं चाक वळवलं, आणि मग स्वतःच उतरून पुढच्यांना ओरडू लागला. चार पोरं बंद ट्रकला खांदा लावायला धावली. एका आजीबाईंनी तर नवरदेवाची गाडी मागं घ्यायला लावली! मंडळी, तिथं जे मुकाट्यानं झालं, ते इथं वाजतगाजत झालं, पण झालं! रुग्णवाहिका निघाली. आत साप चावलेली एक बाई होती. पुढं आठवडे बाजारात कळलं, वाचली म्हणून. अण्णांनी तिथंच जीप उभी करून अख्ख्या बाजाराला पेढे वाटले.

म्हणजे देव आपल्यातही आहे, मंडळी. कोणाला तरी काचेवर टकटक करावी लागते, एवढंच. मग मी करतो टकटक. मंडपाच्या तोंडाशी, ऐन रस्त्यात, तुम्ही मोटारसायकली आडव्या लावल्यात. मघाशी मी येताना उडी मारून आलो. उठा, आधी त्या काढून या. टाळकरी थांबतील, मी थांबेन, देवही थांबेल. दवाखान्याला निघालेल्याला थांबता येत नाही.