डोमाजीच्या दोरांचा गठ्ठा

मंडळी, पाळीवर बसलेल्या बायामाणसांनो, आणि पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या धरणाच्या साहेबांनो. आज या तलावाच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नाही. जन्मभर पोरांसमोर बोललेला मास्तर मी, पण असं भाषण कधी केलं नाही. डोमाजीला 'होता' म्हणायची अजून सवय नाही.

साहेब, तुम्ही हार आणला. प्लास्टिकचा आहे. बरं केलं, सुकायची भीती नाही. तो जिवंत होता तेव्हा मात्र तुमच्याजवळ त्याच्यासाठी दोन मिनिटं नव्हती.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या नदीच्या दरीत वीज काढायचं धरण येऊन राहिलं. अहवालात लिहिलं, बुडणारं जंगल 'झुडपी' आहे. झुडपी! मोह, येन, बिजा, धावडा, सगळी झुडपं! कोणी पाहिलं? साहेबांनी पाहिलं. कसं पाहिलं? डांबरी सडकेवर गाडी उभी करून, काच अर्धी खाली करून. पूर्ण खाली केली असती तर धूळ आली असती ना!

डोमाजी कोहळी माणूस, पिढीजात तलाव बांधणाऱ्यांपैकी. ही पाळ, हा तलावाचा बांध, त्याच्या पणज्यानं बांधला. त्याला हे साहेब लोक म्हणत, काका, पाण्याला विरोध करू नका. ज्याच्या घरानं चार पिढ्या पाणी अडवलं, त्याला हे बाटलीतलं पाणी पीत पीत पाणी शिकवून राहिले होते.

डोमाजीनं शिव्या दिल्या नाहीत. दोर घेऊन जंगलात गेला. झाडाला दोर गुंडाळायचा, घेर जुळला तिथं कापायचा. एक झाड, एक दोर. महिनाभर हेच. मी म्हटलं, "डोमाजी, या वयात काऊन मरून राहिला?" तो म्हणाला, "मास्तर, त्यायले झाड दिसत नाही. मंग झाडच त्यायच्या टेबलावर नेतो."

जनसुनावणीला तो गठ्ठा डोक्यावर घेऊन आला. टेबलावर ठेवला. म्हणाला, "साहेब, हे झुडूप मोजा." साहेब काय म्हणाले? "काका, कागद खराब होतात. थोडक्यात बोला." मंडपात हशा झाला. कोण हसलं? साहेब नाही. आपण हसलो.

आणि माझ्या खिशात चार पानांची हरकत होती. सकाळीच डोमाजी बोलला होता, "मास्तर, तू बोलजो. माही बोली त्यायले समजत नाही." साहेबांनी विचारलं, आणखी कोणाला बोलायचं आहे? मंडपामागं साहेबांच्या जेवणावळीच्या पुऱ्या तळून राहिले होते. मी खाली पाहिलं. तुम्हीही खाली पाहिलं. मग आपण बुंदी खाऊन घरी गेलो. साहेबांचा मला तिटकारा आहे, पण त्या दिवशीच्या त्या मास्तराचा त्याहून जास्त आहे.

पुढं सुनावणीचं इतिवृत्त आलं. मीच त्याला वाचून दाखवलं. एक हरकत सोडता बाकी उपस्थितांची मूक संमती, असं त्यात होतं. त्यानं ते इथंच, पाळीवर बसून ऐकलं. मग म्हणाला, "मास्तर, आपलं चूप राहणं बी त्यायनं लिहून घेतलं रे." त्या आठवड्यात त्याला ताप आला. तो पुन्हा उठला नाही.

ग्रामसेवक मघापासून खुणावून राहिले, मास्तर, आता दोन मिनिटं मौन घ्या. नाही घेणार. काऊन घ्यावं? साहेब समोर बसले आहेत, लिहून घेतील.

सोमवारी दुसरी सुनावणी आहे. गठ्ठा इथं, फोटोजवळ ठेवला आहे. पहिल्या सुनावणीत साहेबांच्या माणसांनी तो मंडपाबाहेर फेकला होता, डोमाजीनंच उचलून आणला. आज फुलं नकोत. एकेकानं पुढं या, एक दोर उचला, खांद्यावर टाका आणि मोठ्यानं सांगा, हरकत आहे. सोमवारी हेच तिथं सांगायचं आहे, पुऱ्या तळायच्या आधी.

पहिला दोर मी उचलतो. मोहाचा आहे, माझ्या दोन्ही खांद्यांवरून खाली लोंबून राहिला.

डोमाजी, उशीर झाला रे. माफ करजो. मले हरकत आहे.