हवेतल्या पंपावरचा माणूस

...छे गं, घाई कसली, तू तुझ्या त्या काचा पूस सावकाश – मला तर टोसनं ढकललंय इथं, बायकोनं, नाहीतर मी कशाला येतोय चष्म्याच्या दुकानात? परवा सोस्टरबर्गला हवाई दलाची डोळ्यांची तपासणी आहे, ती खरी. पास झालो तर नव्या टँकरवर, नापास झालो तर घरी, टोसबरोबर कुंपण छाटायला. म्हटलं, आधी आपल्या आनेकेकडे रंगीत तालीम करून यावी. तू काय काय विचारतेस ते कळलं की उत्तरं पाठ करून टाकतो – हसतेस काय, शाळा मी अशीच पास झालोय.

मी नेमकं काय करतो? कमाल आहे पोरी तुझी, तुझ्या बापाच्या बेकरीतले सॉसेजचे पाव खाऊन हे पोट वाढलंय, आणि मी काय करतो ते तुला ठाऊक नाही! अगं, हवेतल्या पंपावर असतो मी. लढाऊ विमानं येतात, मी त्यांना रॉकेल पाजतो. पण सुरुवात अशी रुबाबदार नव्हती बरं का. सुरुवात फोकरवर – दोन पंख्यांचं, आपल्याच देशात बनलेलं, घरचंच म्हण ना – त्यात मी सामान बांधायचो. टपालाच्या थैल्या, पॅराशूटवाले, एकदा तर लष्करी बँडचे ढोल, ते नीट बांधले गेले नाहीत आणि उतरेपर्यंत आपापले वाजत राहिले. मग हर्क्युलिस आलं, चार पंख्यांचं थोरलं मालवाहू विमान, तेव्हा कुठं आम्हाला वाटलं की आपलंही हवाई दल आहे. मग फोकरचं ते लांबवलेलं भावंड – जगात चारच बनली तसली, आणि चारही आमच्याकडे. आम्ही पाहुण्यांना सांगायचो, फार दुर्मीळ आहे हो. दुर्मीळच, दुसऱ्या कुणाला नकोच होतं ना ते!

आणि मग टँकर. आता तुला माहितीये आपण डच लोक कसे – कॉफीबरोबर एक बिस्कीट द्यायचं आणि डबा लगेच झाकायचा. आपलं सरकार तेव्हा नवा टँकर कशाला घेईल? सुट्टीला निघालेली कुटुंबं उन्हात भाजायला नेणारी वापरलेली दोन विमानं घेतली, शेपटीखाली एक लांब दांडा लावला – बूम म्हणतात त्याला, त्यातनं इंधन जातं – आणि झालो आम्ही टँकरवाले. दोनच विमानं, त्यातलं एक बहुतेक वेळा हँगरमध्ये पाय पसरून पडलेलं. अमेरिकन लोकांचा बूमवाला शेपटीत पालथा पडून खिडकीतनं खाली बघायचा, खरं विमान खऱ्या डोळ्यांनी. आणि मी? मी पार पुढं, वैमानिकांच्या मागं, खुर्चीत बसून पडद्यावर मागचं बघतो. डोळ्याला चष्मा, त्या चष्म्यानं पडद्यातलं चित्र उठून दिसतं, किती जवळ किती लांब ते कळतं. अमेरिकन चिडवायचे, लांबेर्त टीव्ही बघून पगार घेतो. खोटं काय त्यात? टोसची आई तर मरेपर्यंत समजत होती की मी टीव्ही दुरुस्त करतो.

नव्या विमानातही तसंच गं, पडदाच, फक्त मोठा नि झकास. म्हणून तर परवा दोन्ही डोळे मिळून काय बघतात ते बघणार आहेत. माझा उजवा गरुडाचा आहे, डावा जरा – डावा जरा थकलाय एवढंच. सकाळी कॉफी ओततो ती अधूनमधून बशीत पडते. टोस म्हणते, तू मुद्दाम करतोस, म्हणजे मी ओतावी. करतोही मुद्दाम कधीकधी, पण – नेहमी नाही.

कामावर? कामावर काही नाही. काय असणार? गेल्या महिन्यात फेमके आली होती रॉकेल घ्यायला, आमची लढाऊ विमान उडवणारी पोरगी, तुझ्याच वयाची असेल. टाकीचं तोंड विमानाच्या पाठीवर असतं, तिच्या काचेच्या मागं. मी दांडा नेला, अगदी नेहमीसारखा नेला, आणि कानात तिचा आवाज आला, शांत, जशी काही शेजारीण कुंपणावरून बोलतेय – "लांबेर्त, टाकी मागे आहे. इथं मी बसलेय." सगळे हसले. मीही हसलो. खाली उतरल्यावर ती म्हणाली, काही झालं नाही, विसर. मी त्यावर विनोद केला, म्हटलं, तुलाच तहान लागली असेल असं वाटलं. तीही हसली. मग मी शौचालयात जाऊन कडी लावून बसलो, सगळे घरी जाईपर्यंत. हे – हे टोसला सांगू नकोस. तुला तरी कशाला सांगितलं मी? तुझ्या या खुर्चीत काहीतरी आहे बघ, माणूस बोलतच सुटतो.

हं, आण ते. काय हे, चष्मा घालू? आमच्या टँकरवरच्यासारखाच की. घातला. आणि हे कार्ड – ई, माशीचं चित्र? एवढी थोरली? मघाशी या खुर्चीतली ती चिमुरडी हेच बघून आईच्या मांडीत शिरली होय? पोरं काय, कशालाही घाबरतात. काय करायचं? पंख चिमटीत धरायचा. एवढंच ना? हे मला पाठही करायला नको. हा बघ – धरला. चिमटी कागदावर, पंख चिमटीत. बरोबर ना?

आनेके? नाही म्हणतेस? तुला कुठं दिसतोय तो पंख, दाखव बघू बोटानं.

एवढा वर?

...थांब जरा. पुन्हा दाखव. एवढा? कागदापासून – आणि मला तो सपाट छापलेला दिसतोय गं, वर्तमानपत्रासारखा. तिथं वर, पडद्यावर, ही बोटभर चूक म्हणजे – गुरुवारी फेमके पुन्हा येणार आहे रॉकेल घ्यायला. माझ्याकडेच.

नाही, सोस्टरबर्गला तू फोन करू नकोस. मी करतो. आत्ताच करतो, इथूनच, गुरुवारी मला वर पाठवू नका म्हणून. हा घे तुझा चष्मा. तू फक्त जरा पलीकडे जाऊन उभी राहा, पोरी, आणि आता काही बोलू नकोस.