आत्या लागतेच

चिकपेटच्या कापडदुकानात बिलाची रांग हलत नव्हती, त्यामुळे पुढच्या दोघींचं ऐकणं भाग होतं.

“शालनअक्का, भावाशी तुझं बोलणं नव्हतं ना?”

“तीन वर्षं नव्हतं. आता त्याला मुलगी झालीय, रविवारी बारसं आहे. बाळाच्या कानात कुर्रर्र करायला आत्या लागते आणि त्याला बहीण मी एकटीच.”

“मग त्यानं स्वतः फोन केला?”

“बायकोनं केला. हा शेजारी उभा राहून तिला शब्द सांगत होता. म्हटलं, स्वल्प, जरा त्यालाच दे फोन.”

“दिला?”

“दिला. ‘अक्का, ये’ म्हणाला. एवढंच म्हणाला, पण म्हणाला.”

“नाव काय ठरवलंय त्यांनी?”

“त्यांनी ठरवलं असेल काहीतरी. कानात सांगणार मी आहे.”